हेडफोन रुळतो की कान?

वापराने वस्तूचे मूल्य घटते, हे हिशेबशास्त्राचे जुने गृहीतक. त्यालाच घसारा म्हणतात. नव्या हेडफोनविषयी मात्र नेमका उलटा समज रूढ आहे. पहिले पन्नास-शंभर तास तो वाजवत ठेवावा, मग त्याचा आवाज मोकळा होतो, असे खरेदीदाराला सांगितले जाते. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूरसारख्या गावी पार्सल येते, घरातील मुलगा हेडफोन कानाला लावतो, आवाज कोंदट वाटतो आणि लगेच सल्ला मिळतो, ‘थोडे दिवस वाजू दे, सुधारेल.’ परतीची मुदत दहा दिवसांची असेल आणि मुलगा रोज दोन तास ऐकत असेल, तर हिशेब वीस तासांवरच थांबतो. शंभर तास भरेपर्यंत वस्तू परत करण्याचा हक्क संपलेला असतो.

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. कोल्हापुरी चप्पल आरंभी पायाला लागते; तेल मुरले आणि पायाचा आकार घेतला की सुखद होते. बिडाचा नवा तवा तेल पाजल्याशिवाय धिरडे सोडत नाही. नवी मोटारसायकल पहिले काही शे किलोमीटर जपून चालवावी, असे पुस्तिकेतच छापलेले असते. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. त्या तंबोऱ्यावरही नव्या तारा चढवल्या की त्या काही काळ ताणत व उतरत राहतात आणि गवयाला पुनःपुन्हा सूर मिळवावा लागतो. मग हेडफोननेच काय घोडे मारले?

त्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. नेहमीच्या हेडफोनमध्ये एक चुंबक, बारीक तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तारेतून वीज वाहिली की पडदा मागेपुढे हलतो व हवेत लहरी उठतात. मोठ्या स्पीकरचा शंकू खर्जाच्या सुरांना कित्येक मिलिमीटर हलतो. त्याची कडेची घडी आणि आतील आधार प्रारंभीच्या वापरात किंचित सैल होतात व ते मापनात दिसते. हेडफोनचा पडदा कानाच्या अगदी जवळ असल्याने त्याला फारच थोडे हलावे लागते. सैल होण्यास तेथे वावच कमी.

अमेरिकेतील टिल हर्ट्सेन्स या हेडफोन-परीक्षकाने 2011 मध्ये एकेजी कंपनीचा क्यू 701 हा नवा हेडफोन दीर्घकाळ वाजवत ठेवून वारंवार मोजला. फरक आढळला, परंतु तो अत्यल्प होता. त्याहून मोठा फरक हेडफोन डोक्यावर जरा पुढेमागे सरकला तरी पडतो. चष्म्याच्या दांडीमुळे गादी आणि कानशील यांत फट राहिली, तर खर्जाचा बराच भाग तेथूनच निसटतो. वापराने गाद्या मऊ होतात, नीट बसतात आणि आवाज भरल्यासारखा वाटतो. हे रुळणे खरे आहे. पण ते पडद्याचे नाही, स्पंजाचे आहे. बिनतारी हेडफोनचा आवाज कंपनीने पाठवलेल्या नव्या सॉफ्टवेअरनेही बदलू शकतो. त्याचा वापरलेल्या तासांशी संबंध नसतो.

उरतो तो ऐकणारा. घाटनांदूर हे परळी–लातूर रोड लोहमार्गावरील स्थानक. स्थानकाजवळ राहणाऱ्यांची झोप रात्रीच्या गाडीने मोडत नाही. मुक्कामाला आलेला पाहुणा मात्र दचकून उठतो. गाडी तीच, रूळही तेच. जुन्या हेडफोनला सरावलेल्या मनाला नव्याचा स्वर परका वाटतो आणि आठवड्याभरात तोच स्वाभाविक भासू लागतो. शिवाय आवाजातील बारकाव्यांची स्मृती अल्पजीवी असते. आठ दिवसांपूर्वी हेडफोन कसा वाजत होता, हे आठवणीवरून सांगणे म्हणजे खतावणी न ठेवता शिल्लक सांगण्यासारखे आहे.

पडताळणीची रीत बँकेच्या कारभाराला परिचित आहे: नोंद एकाने करावी, तपासणी दुसऱ्याने. एकाच बनावटीचे दोन हेडफोन घ्यावेत, एक वापरलेला आणि एक कोरा. आवाजाची पातळी सारखी ठेवावी, ऐकणाऱ्याचे डोळे झाकावेत आणि दुसऱ्याने ते अदलून-बदलून लावावेत. दहा-बारा फेऱ्यांत ओळख अचूक ठरली नाही, तर फरक कानाला जाणवणारा नव्हता. मात्र ती अचूक ठरली तरी श्रेय वापरालाच देता येणार नाही, कारण कारखान्यातून निघालेले दोन नगही तंतोतंत सारखे नसतात.

या समजाचा खरा तोटा दुसरीकडेच होतो. लवकर रुळावा म्हणून काही मुले आवाज वाढवतात आणि तो कानातच वाजवत ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी तीच मर्यादा 75 डेसिबल आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे 90 डेसिबलला आठवड्यात केवळ चार तास उरतात. आतल्या कानातील नाजूक केशपेशी नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. घरातील वडीलधारी मंडळी प्रवचनाचे ध्वनिमुद्रण ऐकतात, त्यांनाही हे माप लागू आहे.

दुकानदाराच्या दृष्टीनेही ‘वापरा, सुधारेल’ हे उत्तर महागात पडणारे आहे. एका बाजूचा आवाज कमी येणे, खरखर येणे, हे दोष वापराने जात नाहीत. तेथे नग बदलून देणेच योग्य. आवाज नुसता आवडला नसेल, तर मुदतीतच परत घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहकाला स्वतःच्या वास्तव्याच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी घाटनांदूरच्या ग्राहकासाठी दार बीडच्या जिल्हा आयोगाचे आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर दाद मागता येते. बिल मात्र जपून ठेवलेले असावे.