शिबिर झालं, पोरांचं काय झालं?

आमच्या वरवट बकालकडे शाळेत बालसंरक्षणाचं शिबिर झालं की अहवाल जातो. हजर मुलं किती, पत्रकं किती, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर सांगितला, चहा-बिस्किटांचं बिल सोबत. ज्या पोराचा बाप रोज पिऊन येऊन मायला मारतो, त्याला काय फरक पडला, हा रकानाच नसतो. मी शिक्षिका होते. अशी पोरं ओळखू येतात. शाळा सुटली तरी दप्तर आवरत बसतात. एक जण म्हणाला होता, "बाई, मले रातच्याले झोपच येत नाही. माय उठली का मी उठतो."

शिबिरानंतर तो झोपू लागला का? लागला, तरी श्रेय शिबिराचंच कशावरून? माय त्याला घेऊन माहेरी गेली असेल. म्हणून शिबिर न मिळालेल्या पोरांशी तुलना हवी.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांत हिंसेची झळ लागलेल्या सहावीच्या १२६ मुलांवर असा अभ्यास झाला. २००३ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून ६१ मुलांना गटात समुपदेशनाची १० सत्रं आधी दिली, ६५ जणांना नंतर. तीन महिन्यांनी पहिल्या गटाची भीती, उदासी स्पष्ट कमी दिसली. उपाशी कुणी राहिलं नाही, पंगती तेवढ्या दोन झाल्या. मुंबईत २००८ ते २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेच्या आणि हिंसेविरुद्धच्या 'जेम्स' उपक्रमाने महापालिकेच्या ४५ शाळा तीन गटांत वाटल्या: वर्गातले तास आणि प्रचार, नुसता प्रचार, आणि काहीच नाही. नुसत्या पोस्टरांनी काय होतं, हे तपासावंसं कुणाला तरी वाटलं, याचंच मला कौतुक!

सगळीकडे जमतंच असं नाही. हिंसेची झळ लागलेल्या मुलांसाठीचा 'सेफ स्टार्ट' हा अमेरिकी उपक्रम १५ ठिकाणी तपासला, पण ठोस पुरावा हाती आला नाही. कुटुंबं कमी मिळाली, मधेच गळाली. आपल्याकडे शिबिरानंतरची दुसरी तपासणी ऐन कापूस वेचणीत ठेवली तर बाकं रिकामीच दिसणार.

शिबिरानंतर तक्रारी वाढल्या की साहेब लोक बिचकतात. मला त्यात हिंसा वाढल्यापेक्षा पोरांची जीभ सुटल्याची शक्यता जास्त वाटते. पण तपासणीची प्रश्नावली बापासमोर भरून घेणार असाल तर ती घेऊच नका. लैंगिक अत्याचार कळला तर २०१२च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. बाकी मारहाणीत पोर बोललं, तर त्याच दिवशी तालुक्याहून, संग्रामपूरहून, कोण येणार? त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर आधी लिहून द्या, मग प्रश्नावली छापा.