साक्षीदारांविना लागलेलं लग्न

मैत्रिणींनो, लग्न म्हटलं की डोळ्यांसमोर येतो मांडव, अंतरपाट, अक्षता आणि थोडे रुसवेफुगवे! पण ज्या लग्नाला ना मांडव, ना साक्षीदार, ना कुठे नोंद, त्याची ही हकीकत.

इंग्लंडमधलं यॉर्क हे जुनं तटबंदीचं शहर. तिथलं भव्य कॅथीड्रल, यॉर्क मिन्स्टर, बघायला जगभरची माणसं येतात. तिथून जवळच, गुडरॅमगेट रस्त्यावर, होली ट्रिनिटी हे लहानसं चर्च आहे. ३० मार्च १८३४, ईस्टरचा रविवार. ॲन लिस्टर आणि ॲन वॉकर या दोघींनी इथे एकत्र प्रभुभोजन घेतलं. बघणाऱ्यांना वाटलं, दोन मैत्रिणी प्रार्थनेला आल्यात. लिस्टरबाईंच्या लेखी मात्र ते लग्न होतं! अंगठ्या आधीच दिल्या-घेतल्या होत्या.

हे कळलं कसं? लिस्टरबाईंच्या रोजनिशीमुळे. ती आहे सुमारे पन्नास लाख शब्दांची, आणि तिचा साधारण सहावा हिस्सा ग्रीक अक्षरं व बीजगणिताच्या चिन्हांच्या गुप्त लिपीत. या लिपीची सुरुवात यॉर्कच्या शाळेतल्या मैत्रीत झाली. तिथे माळ्यावरच्या खोलीत त्यांच्याबरोबर राहायची एलायझा रेन: मद्रासला जन्मलेली, ईस्ट इंडिया कंपनीतल्या इंग्रज डॉक्टरची आणि हिंदी आईची मुलगी. जन्मभर एकत्र राहायचं, असं दोघींचं ठरलं होतं. पण लिस्टरबाईंचं मन दुसरीकडे वळलं. एलायझाला पुढे वेडी ठरवलं गेलं. १८६० साली ती वारली.

आता व्यवहाराचं बघा. त्या काळी इंग्लंडात लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. हे खऱ्या अर्थाने बदललं १८८२ च्या कायद्याने. या दोघींनी मात्र एकमेकींच्या नावे मृत्युपत्रं केली. १८४० साली प्रवासात असताना, जॉर्जियात, लिस्टरबाई तापाने गेल्या. त्यांचा देह घेऊन वॉकरबाई एवढा मोठा प्रवास करून मायदेशी परतल्या. लिस्टर घराण्याचं शिब्डेन हॉल हे घर हयातभर त्यांचं झालं. अट एकच, लग्न करायचं नाही! पण १८४३ साली त्यांना तिथून हलवून यॉर्कजवळ मनोरुग्ण म्हणून ठेवण्यात आलं. कागद पक्के होते हो. पण नात्यालाच नाव नव्हतं, मग बाजू कोण घेणार?

१८९० च्या दशकात घराण्यातल्या जॉन लिस्टर यांनी मित्राच्या मदतीने ती लिपी उलगडली. मित्र म्हणाला, जाळून टाका. जॉननी वह्या जाळल्या नाहीत, भिंतीच्या लाकडी तक्तपोशीमागे दडवल्या. हेलेना व्हिटब्रेड या बाईंनी त्यांतला निवडक भाग १९८८ साली छापला, तेव्हा कुठे गुपित जगापुढे आलं.

२०१८ साली चर्चपाशी इंद्रधनुषी कडेचा फलक लागला. त्यावर ‘लेस्बियन’ हा शब्दच नव्हता! लोकांनी हरकत घेतली, आणि २०१९ साली तो शब्द घालून नवा फलक आला. इंग्लंडात समलिंगी जोडप्यांची पहिली कायदेशीर लग्नं लागली २९ मार्च २०१४ ला. त्या ईस्टरला १८० वर्षं व्हायला एकच दिवस कमी!

एका शब्दासाठी एवढा वाद कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपण नावाआधी ‘सौ.’ लिहितो, तेव्हा त्या एका अक्षरात घर, नातं, हक्क सगळं सांगून होतं, नाही का? त्या दोघींना असं अक्षर कधी मिळालं नाही. लेकी-सुनांकडे इंग्लंडला जाल, तेव्हा मिन्स्टर बघून झालं की त्या लहानशा चर्चमध्येही जरूर डोकवा.