आधी जोतं, मग बाजार

बांगलादेशातली जमुना म्हणजे आपली यमुना नव्हे. तिथे ब्रह्मपुत्रेलाच हे नाव आहे. ही नदी वाळू आणून बेटं उभी करते आणि एखाद्या पावसाळ्यात तीच बेटं गिळूनही टाकते. त्यांना म्हणतात ‘चर’. आपल्या कोकणातल्या खाडीतलं जुवं, म्हणजे बेट, पिढ्यान्‌पिढ्या जागेवर असतं. चरावरच्या माणसाला मात्र घराचे पत्रे सोडवून होडीत घालायची सवय झालेली असते.

‘चर्स लाइव्हलीहूड्स प्रोग्रॅम’ इथे २००४ ते २०१६ या काळात चालला. पैसा ब्रिटनचा, पुढे ऑस्ट्रेलियाचाही. प्रकल्पाने सुरुवात मातीपासून केली. घराचं जोतं माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीहून दोन फूट उंच करायचं. मग भूमिहीन घरातल्या बाईला मिळकतीचं साधन घेऊन द्यायचं. बहुतेकींनी गाय निवडली. सोबत १८ महिने थोडा भत्ता, आणि लस, जंताचं औषध, चारा यांचं शिक्षण. गुरांवरचे साधे उपचार चरावरच्याच माणसांना शिकवले, आणि ती पैसे घेऊनच औषध देत. मला हे विशेष पटलं. फुकटचा डॉक्टर प्रकल्पाबरोबरच गाव सोडतो.

२०११च्या अखेरीस स्विस मदतीवर ‘मेकिंग मार्केट्स वर्क फॉर द चर्स’ हा दुसरा प्रकल्प उभा राहिला. यात वाटप नव्हतं. बियाण्याच्या कंपन्यांना चरावर विक्रेते नेमायला लावायचे, मसालेवाल्यांची शेतकऱ्यांशी गाठ घालायची. कर्जाचा हप्ता दर आठवड्याला न घेता पीक विकल्यावर घ्यायचा, हे लहान कर्जं देणाऱ्या संस्थांना पटवायचं. ऐकायला कोरडं वाटतं, पण गाइबांधा, बोगुडा या जिल्ह्यांतली लाल मिरची बघा. उघड्या वाळूवर वाळवली की तिला कण चिकटतात, ओल राहिली की बुरशी धरते, आणि कारखाना माल परत करतो. खाली ताडपत्री अंथरायची, एवढ्यानेही भावात फरक पडतो. बाजार गाठणं हे वेगळंच दुखणं. पावसाळ्यात होडी दाराशी येते. हिवाळ्यात पाणी आटलं की मैलभर वाळू तुडवायची. तिथे घोडागाडी चालते, आणि तिचं भाडं शेवटी मिरचीच्याच पैशांतून जातं.

बाजाराची वाट त्यालाच उपयोगी, ज्याच्याकडे विकायला काही आहे. म्हणून नुसत्या दुसऱ्या प्रकल्पाने भूमिहीनांचं भागलं नसतं, असं माझं मत आहे.

उंच जोतं पुराच्या पाण्यापासून वाचवतं, काठ खचण्यापासून नाही. चर तुटायला लागला की गाय होडीत चढवतात, पत्रे चढवतात. जोतं तिथेच राहतं.