मज्जातंतूचा तुकडा ते मज्जातंतूची मोजणी

१९८८ साली सोनोग्राफीच्या क्षेत्रात दोन घटना घडल्या. ब्रुनो फोर्नाज यांनी हातापायांतले मज्जातंतू सोनोग्राफीत कसे दिसतात ते ‘रेडिओलॉजी’ नियतकालिकात मांडलं, आणि महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे आज बंगळुरूत फक्त रुग्णाचं मनगट तपासायचं असलं, तरी सोनोग्राफीचं यंत्र त्याच कायद्याखाली नोंदवलेलं लागतं.

मज्जातंतूंची ही सोनोग्राफी जिथे उपयोगी पडू शकते असा एक आजार म्हणजे आनुवंशिक अमायलॉइड मज्जाविकार. त्याचं वर्णन पोर्तुगालच्या कोरिनो आंद्रादे यांनी १९५२ मध्येच केलं होतं. मुख्यतः यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन जनुकदोषामुळे विस्कटतं आणि त्याचे तंतू, म्हणजेच अमायलॉइड, मज्जातंतूंत, हृदयात साचतात. दोष पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता निम्मी. लक्षणं अशी: पायाला मुंग्या, उभं राहताच चक्कर, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, घटणारं वजन. आपल्याकडे मुंग्या म्हटलं की आधी रक्तातली साखर बघतात, मज्जातंतू जाड लागला की कुष्ठरोगाची शंका येते. दोन्ही रास्तच; पण त्यात काही रुग्णांची वर्षं जातात.

बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मज्जाविकारांच्या संस्थांत निदानाची जुनी वाट बायॉप्सीची. घोट्याजवळच्या सुरल मज्जातंतूचा तुकडा काँगो रेडने रंगवला की ध्रुवित प्रकाशात अमायलॉइड सफरचंदी हिरवं दिसतं. मात्र ते विखुरलेलं असल्याने कधी तुकड्यात सापडतच नाही, आणि पायाची कड बधिर राहते.

पुढे उपचार आले: १९९० पासून यकृत प्रत्यारोपण, २०११ मध्ये युरोपात टाफामिडिस, २०१८ मध्ये पॅटिसिरान आणि इनोटर्सेन ही औषधं. आजार रोखता येऊ लागल्यावर तो किती सरकला हे वेळोवेळी मोजणं गरजेचं झालं. तुकडा काही दर वर्षी काढता येत नाही; सोनोग्राफी मात्र पुन्हा पुन्हा करता येते.

भारतात अशा मोजणीचा पाया कुष्ठरोगाने घातला. हैदराबादच्या सुमन जैन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कुष्ठरुग्णांचे मज्जातंतू सोनोग्राफीने मोजून दाखवले. अमायलॉइडच्या रुग्णांत युरोपातल्या अभ्यासकांना हातातला मीडियन मज्जातंतू मनगटाशीच नव्हे, वर दंडातही जाड आढळला. पण जाडी म्हणजे अमायलॉइड नव्हे. मधुमेहातही ती वाढते, आणि सूक्ष्म मज्जातंतूंची हानी पडद्यावर दिसत नाही. निदानाचा भार जनुकचाचणीवरच राहतो.

सोनोग्राफीचा खरा उपयोग आहे तो जनुकदोष निघालेल्या, पण अजून काही त्रास नसलेल्या नातेवाइकांना. त्यांची पहिली मोजणी आत्ताच, ठरलेल्या जागी करून ठेवायला हवी. नाहीतर पुढच्या आकड्याची तुलना कशाशी करणार?