घड्याळ पळतंय का?

मुलांनो, दादाने नामी घड्याळाची हुबेहूब नक्कल आणली आणि ते तासाला पाच मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर 'नकलीच ते!' म्हणून फेकू देऊ नका. नावाची चोरी वाईटच. पण आतली चक्रं खरी असतात. शिवाय केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं, हेअरस्प्रिंग. तिच्या तालावर एक चक्र डोलतं. पुष्कळ घड्याळांत सेकंदाला 8 ठोके! घड्याळ स्पीकरला चिकटून राहिलं, की स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरतं. वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते, ठोके भराभर पडतात.

आता होकायंत्र आणा. चालू घड्याळ जवळ नेताच सुई थरथरू लागली, तर दोष बहुधा चुंबकाचाच. घड्याळजींचं छोटं यंत्र तो काही सेकंदांत घालवतं, झाकणही न उघडता. सुई ढिम्म राहिली तर मात्र झाकण उघडायचं, तेही त्यांनीच. भिंगातून बघू देतात का, विचारा!