ज्युपिटर एंजिन

हवेने थंड होणारे, नऊ सिलिंडरांचे, अरीय (चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सिलिंडर मांडलेले) विमान-एंजिन. रॉय फेडन यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा अभिकल्प तयार झाला व १९२० पासून ब्रिस्टल कंपनीने त्याचा विकास केला. भारतातील विमानवाहतुकीच्या प्रारंभकाळाशी त्याचा निकट संबंध आहे.

रचना : सिलिंडराचा व्यास १४६ मिमी., दट्ट्याची धाव १९० मिमी. व एकूण घनफळ सु. २८.७ लि. असते. एक मुख्य संयोगदांडा भुजादंडाला (क्रँकला) व उरलेले आठ दांडे या मुख्य दांड्याला जोडलेले असतात. चार धावांचे आवर्तन भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पुरे होते. सिलिंडरांची संख्या विषम असल्याने एकाआड एक सिलिंडरात ज्वलन होऊन (१-३-५-७-९-२-४-६-८) शक्तीचे ठोके समान अंतराने मिळतात.

शीतन : सिलिंडरांवरील पातळ कंगोऱ्यांमधून वाहणारी हवा उष्णता वाहून नेते. पाणी, नळ्या व रेडिएटर यांची गरज नसल्याने वजन वाचते आणि गळतीचा धोका राहत नाही. वाळवंटी मार्गांवर हा गुण मोलाचा ठरला. मात्र उघड्या सिलिंडरांमुळे हवेचा रोध वाढतो. आरंभीच्या प्रकारांत सिलिंडराच्या पोलादी माथ्यावर ॲल्युमिनियमचे टोपण बसवीत. तापून माथा वाकला की दोहोंत फट पडे व निष्कास झडपांजवळची उष्णता साचून राही. पुढे घडीव ॲल्युमिनियमचा माथा वापरून हा दोष दूर करण्यात आला.

भारतातील वापर : १९२९ मध्ये सुरू झालेल्या लंडन–कराची टपालसेवेत ईजिप्त–कराची टप्प्यावर तीन ज्युपिटर एंजिनांची हर्क्युलिस विमाने होती. या सेवेला जोडून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. त्यांच्या पुस मॉथ विमानाचे एंजिनही हवेनेच थंड होणारे, परंतु एका रांगेतील चार सिलिंडरांचे होते. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाच्या पहिल्या पथकाची चार वॉपिटी विमाने ज्युपिटरवर चालत.

ज्युपिटरपासूनच पेगॅसस एंजिन विकसित झाले. ते बसविलेल्या विमानांनी ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळून उड्डाण करून एव्हरेस्ट शिखर प्रथम ओलांडले.