बालदम्याचे निदान आणि श्वसनचाचण्या : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे दोन शेजारी जिल्हे. पश्चिमेला महाबळेश्वर, पाटण, शिराळा हा अतिपावसाचा पट्टा, मध्ये कराड, वाळवा, पलूस, मिरज हा उसाचा बागायती पट्टा आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा व धुळीचा प्रदेश. ओल, धूर आणि धूळ या दम्याला चेतविणाऱ्या तिन्ही गोष्टी येथे थोड्या थोड्या अंतरावर आढळतात. सांगली परिसराने २००५, २०१९ व २०२१ मध्ये महापूर अनुभवला. पुरानंतर घरांच्या भिंतींत मुरणारी ओल आणि तिच्यावर वाढणारी बुरशी हेही दम्याचे ज्ञात उत्तेजक आहे. ऊस गळीत हंगामाचे महिने आणि थंडीचे महिने बहुतांशी एकच असल्याने पाचट जाळण्याचा धूर, गुऱ्हाळांचा धूर आणि थंड हवा यांना मुलांची छाती एकाच वेळी तोंड देत असते.

असे असूनही आपल्याकडे मुलांच्या बाबतीत 'दमा' हा शब्द सहसा उच्चारला जात नाही. 'छाती भरते', 'कफाची प्रकृती आहे', 'बाळदमा आहे, वयात आल्यावर जाईल' अशा शब्दांत तो झाकला जातो. मुलगी असेल तर पुढे लग्नात अडचण नको म्हणून तो अधिकच झाकला जातो. आजाराला नाव न मिळाल्याने त्याची तपासणीही होत नाही. देशातील नऊ केंद्रांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या पाहणीत ६ ते ७ व १३ ते १४ वर्षे वयोगटांतील सुमारे ३ टक्के मुलांमध्ये वर्षभरात छातीत घरघर झाल्याचे आढळले. या मुलांचे पालकही पाहणीत होते. घरघर होणाऱ्या अशा सर्वांपैकी सुमारे ८२ टक्के जणांना आणि तीव्र लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जणांना दम्याचे निदान मिळालेलेच नव्हते. प्रस्तुत लेखात बालदम्याच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या श्वसनचाचण्यांचे स्वरूप, अर्थ आणि मर्यादा यांचा परिचय करून दिला आहे.

दमा : बदलत राहणारा आजार :

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज असते व त्या अतिसंवेदनशील झालेल्या असतात. धूर, परागकण, सर्दी, थंड हवा, धावणे किंवा मोठ्याने हसणे एवढ्यानेही त्यांच्याभोवतीचे स्नायू आकसतात आणि वाट अरुंद होते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कठीण होते. मात्र हा अडथळा कायम राहत नाही. औषधाने किंवा कधी आपोआपही तो कमी होतो. पहाटे तीन वाजता उठून बसलेले मूल सकाळी दहा वाजता मैदानावर खेळताना दिसू शकते.

हा बदल हेच दम्याचे मुख्य लक्षण होय आणि चाचण्यांचा सर्व विचार त्याच्याभोवती फिरतो. दम्याभोवतीच्या अनेक समजुतींचे मूळही त्यातच आहे. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. ज्या आजाराला मुळातच चढउतार आहेत, त्यात उताराच्या वेळी जे काही दिले जाईल त्याला गुण आल्यासारखे वाटते. म्हणूनच आई-वडिलांचे निरीक्षण मोलाचे असले तरी त्याला मोजमापाची जोड लागते.

श्वसनमापनाची वाटचाल :

लंडन येथील जॉन हचिन्सन या वैद्याने १८४६ मध्ये दोन हजारांहून अधिक व्यक्तींची फुप्फुसक्षमता मोजून स्पायरोमीटर हे यंत्र जगापुढे मांडले. व्यक्तीची उंची आणि फुप्फुसक्षमता यांचा संबंध त्याने दाखवला. आजही मुलाची उंची अचूक मोजल्याशिवाय या चाचणीला अर्थ नसतो. किती हवा बाहेर आली याबरोबरच ती किती वेगाने आली हे पाहण्याची पद्धत पॅरिस येथील तिफेनो याने १९४७ मध्ये सुचवली. बेसिल मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाचे पीक फ्लो मीटर १९५९ मध्ये प्रसिद्धीस आले आणि श्वासाचे मोजमाप रुग्णालयाबाहेरही शक्य झाले.

स्पायरोमेट्री : कृती आणि अर्थ :

स्पायरोमेट्रीत मुलाला छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यायला सांगतात. नंतर नळीभोवती ओठ घट्ट मिटून तो एकदम जोरात आणि फुप्फुस रिकामे होईपर्यंत सोडायला सांगतात. किमान तीन प्रयत्न नीट जमावे लागतात आणि त्यांतील सर्वोत्तम दोन परस्परांशी जुळावे लागतात. लहान मुलांसाठी संगणकाच्या पडद्यावर मेणबत्त्या विझवण्याचा खेळ दाखवला जातो. चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञाचा संयम येथे यंत्राइतकाच महत्त्वाचा असतो.

या चाचणीतून मुख्यतः तीन आकडे मिळतात. जोराने सोडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी, पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा म्हणजे एफईव्ही-१ आणि तिसरा या दोहोंचे गुणोत्तर. मुलांच्या श्वासनलिका फुप्फुसाच्या मानाने रुंद असल्याने निरोगी मुलात हे गुणोत्तर साधारणपणे ०.९० च्या आसपास असते. प्रौढांसाठी वापरला जाणारा ०.७० चा निकष मुलांना लावल्यास अनेक रुग्ण सुटतात.

यानंतरचा टप्पा निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलाला स्पेसरमधून साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका रुंदावणारे औषध देतात आणि १० ते १५ मिनिटांनी चाचणी पुन्हा घेतात. एफईव्ही-१ मधील वाढ अपेक्षित मूल्याच्या १२ टक्क्यांहून अधिक असेल तर ती दम्याच्या बाजूने साक्ष मानली जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा वर्षांच्या मुलाचा अपेक्षित एफईव्ही-१ १.७५ लिटर आहे. त्याने औषधापूर्वी १.४० लिटर नोंदवला, म्हणजे अपेक्षेच्या ८० टक्के. केवळ हा आकडा पाहणारा त्याला 'नॉर्मल' म्हणेल. परंतु त्याचा एफव्हीसी १.८५ लिटर आहे, म्हणजे गुणोत्तर ०.७६ इतके कमी आहे. औषधानंतर एफईव्ही-१ १.६२ लिटर झाला. ०.२२ लिटरची ही वाढ अपेक्षित मूल्याच्या १२.६ टक्के भरते. जो अहवाल पहिल्या ओळीत निर्दोष वाटत होता, तोच शेवटच्या ओळीत दम्याकडे बोट दाखवतो.

अपेक्षित मूल्य कोठून येते, हेही पाहिले पाहिजे. ग्लोबल लंग इनिशिएटिव्हने २०१२ मध्ये ३ ते ९५ वर्षे वयासाठी संदर्भसमीकरणे प्रसिद्ध केली, मात्र त्यांत भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गट नव्हता. २०२२ मध्ये वंशगट न मानणारे समीकरण पुढे आले. कोणते समीकरण वापरले यावर एकाच मुलाचा 'टक्का' बदलू शकतो. औषधापूर्वीच्या व नंतरच्या फुंकरीची तुलना मात्र मुलाची त्याच्या स्वतःशीच होते, म्हणून ती अधिक विश्वासार्ह ठरते.

पीक फ्लो मीटर : घरातील मोजमाप :

स्पायरोमेट्री ही एका क्षणाची नोंद असते. दमा त्या क्षणी शांत असेल तर अहवाल पूर्णपणे सामान्य येतो. त्यामुळे एका सामान्य अहवालावरून 'दमा नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. ही उणीव पीक फ्लो मीटर काही अंशी भरून काढतो. हे प्लॅस्टिकचे साधे उपकरण वीज न लागता चालते आणि काही शे रुपयांत मिळते. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी तीन फुंकरी मारून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा आणि हे एक-दोन आठवडे करायचे. सकाळी १८० आणि संध्याकाळी २२० असे आकडे आले, तर त्यांतील ४० चा फरक २०० या सरासरीच्या २० टक्के होतो. मुलांमध्ये अशा दैनिक फरकाची सरासरी १३ टक्क्यांहून अधिक राहिल्यास ती अतिरिक्त चढउताराची खूण समजली जाते. अर्थात हे उपकरण मुलाच्या प्रयत्नावर अवलंबून असल्याने स्पायरोमेट्रीची जागा घेऊ शकत नाही.

याखेरीज धावण्यापूर्वी व नंतर श्वास मोजणारी व्यायामचाचणी, उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजून अ‍ॅलर्जीजन्य सुजेचा अंदाज देणारी फेनो चाचणी आणि सहज श्वास चालू असतानाच होणारी ऑसिलोमेट्री या चाचण्या उपलब्ध आहेत. ऑसिलोमेट्रीत जोराने फुंकावे लागत नसल्याने ती तीन-चार वर्षांच्या मुलांतही जमू शकते. मात्र फेनो व ऑसिलोमेट्री यांची सोय सर्वत्र नाही.

पाच वर्षांखालील मुले :

पाच वर्षांखालील बहुतेक मुलांना स्पायरोमेट्रीची कृती जमत नाही. अशा वेळी निदान तीन गोष्टींवर उभे राहते : घरघर वा दम्यासारखी लक्षणे वारंवार होणे, त्यांना दुसरे कारण न सापडणे आणि दम्याच्या औषधाने स्पष्ट फरक पडणे. यांपैकी दुसरी गोष्ट विशेष जपावी लागते. एखादा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकल्यास अचानक व बहुधा एकाच बाजूला घरघर सुरू होते. वजन न वाढणे, जन्मापासून घरघर असणे, दीर्घ ताप असणे या खुणा वेगळ्या आजाराकडे निर्देश करतात. क्षयरोगाची शंका तर आधी दूर करावी लागते. मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि पुढे वॉनलेसवाडी येथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. हा वारसा असलेल्या भागात दीर्घ खोकला म्हटले की क्षयाची भीती प्रथम मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु क्षय नाही असे ठरल्यावर तपासणी तेथेच थांबते आणि दम्याचा विचार मागे पडतो, असे होता कामा नये.

स्थानिक परिस्थिती व शिक्षकांची भूमिका :

मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून कार्यरत आहे. कराड येथे कृष्णा व सांगली येथे भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्यामुळे उणीव केवळ संस्थांची नाही. खरी अडचण मुलाला चाचणीपर्यंत नेण्याची आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील ३० आजारांच्या यादीत श्वासनलिकांच्या अतिसंवेदनशीलतेचा समावेश आहे. अंगणवाडी व शाळेत येणाऱ्या तपासणी पथकापुढे 'याला पहाटे खोकला येतो', 'ही धावताना थांबते' एवढे सांगितले गेले, तरी पुढील मार्ग खुला होतो.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचा प्रश्न अधिक बिकट आहे. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून आलेली ही मुले हंगामाचे काही महिने फडाजवळच्या कोपीत, चुलीच्या धुरात राहतात. नोंदवही एका गावात सुरू झाली तर पडताळणी दुसऱ्या जिल्ह्यात करावी लागते. अशा मुलांच्या हाती त्यांच्या आकड्यांचा लेखी कागद असणे ही उपचाराइतकीच महत्त्वाची बाब आहे.

महाविद्यालयीन शिक्षक या संदर्भात तीन गोष्टी करू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पीक फ्लो मीटरचे प्रात्यक्षिक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली ठेवता येईल. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आलेख व सरासरी शिकविण्यासाठी अशा नोंदी वापरता येतील. आणि 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज दूर करता येईल. पंपातील औषध मायक्रोग्रॅममध्ये थेट श्वासनलिकेत जाते, तर गोळी वा सरबतातून ते अधिक मात्रेत सर्व शरीरभर पसरते, हे पालकांना समजावून सांगणे कठीण नाही.

समारोप :

श्वसनचाचणी निदानाला आधार देते. अंतिम निर्णय मात्र लक्षणे, तपासणी आणि आकडे यांच्या एकत्रित विचारातून वैद्यकीय तज्ज्ञच घेतात. दमा क्षणोक्षणी बदलतो, म्हणून त्याची चाचणीही बदल टिपणारी हवी : औषधापूर्वी व नंतर, सकाळी व संध्याकाळी, त्रास असताना व नसताना. शक्य असेल तेथे नियमित उपचार सुरू करण्यापूर्वीच चाचणी करून तिचा कागद जपून ठेवावा, कारण उपचाराने आराम पडल्यावर तोच पुरावा मिळवणे अवघड होते. तीव्र धाप लागली असेल तर मात्र चाचणीसाठी न थांबता तातडीने उपचार करावेत. योग्य उपचाराने दमा असलेले मूल शाळेत जाऊ शकते, धावू शकते आणि रात्रभर शांत झोपू शकते. त्यासाठी प्रथम त्याच्या आजाराला त्याचे खरे नाव देण्याची तयारी कुटुंबाने व समाजाने दाखवली पाहिजे.